पाळण्याची उरलेली कडवी

मुंबईची गाडी इचलकरंजीच्या स्टँडवर लागली होती, ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं, आणि माझी आई खिडकीखाली उभी राहून अख्ख्या गाडीला माझ्या बॅगेतला तपशील ऐकवत होती. "सुन्या, चड्ड्या खालच्या कप्प्यात हायत! मेतकूट वर ठेवलंय, त्याच्यावर बसू नको! आणि तिकडं थंडीत डोसकं झाकून फिर, ऐकतोस न्हवं?" मागच्या सीटवरचे एक काका म्हणाले, "ऐकलं मावशी, आम्हीबी झाकतो." गाडीभर हशा पिकला. मी सत्तावीस वर्षांचा, खिशात जर्मनीचा व्हिसा, अंगात नवं जॅकेट, आणि कानाच्या पाळ्या लालबुंद. मी काय केलं? खिडकीची काच ओढून घेतली. आई पलीकडून बोलतच होती. ओठ हलताना दिसत होते, शब्द नव्हते. मग गाडी हलली.

त्या गोष्टीला सतरा वर्षं झाली. हे लिहितोय ते आमच्या गल्लीतल्या मंडळींसाठी, ज्यांना वाटतं सुन्या तिकडं जाऊन साहेब झाला, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी, ज्यांना माहीत आहे की साहेब वगैरे कोणी होत नाही, फक्त जॅकेटं वाढतात. एका आयरिश माणसाच्या गाण्यामुळे मला माझीच एक चूक नऊ वर्षांनी सापडली. ती सांगायची आहे.

आमच्या घराची मागची भिंत आणि मागाच्या कारखान्याची भिंत एकच होती. चोवीस माग, दिवसरात्र खटक-खटक-खटक. वडील तिथंच जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की त्याखाली झोपून तो दुरुस्त करणारे. त्यांच्या हाताचं तेल कधी निघालं नाही, दिवाळीच्या अंघोळीतसुद्धा. आई घरात बसून कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायची. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हातानं सूत धरायचं, आणि तोंडानं गाणं. मागाच्या आवाजावर मात करून गायचं म्हणजे गळा कसा लागत असेल बघा. आमच्याकडं कुणी कानात गुपित सांगितलं तरी ते चौकात पोचायचं. गल्लीत बाळं जन्मायची ती या खटखटाटातच झोपायची. गंमत म्हणजे लाइट गेली, माग थांबले, की सगळी तान्ही पोरं एकदम दचकून जागी व्हायची आणि गळा काढायची. मग बायका हाका मारायच्या, "आक्का, पाळणा म्हणा की!" आणि आई आमच्या उंबऱ्यात बसून लाइट येईपर्यंत गात राहायची.

गल्लीत कुणाकडं बारसं असलं की पाळणा आईनं रचायचा, हे ठरलेलं. ती शिकली चौथीपर्यंत, पण पाळणा कधी कागदावर लिहिला नाही. रहाट फिरवता फिरवता जुळवायची. तिची एक पद्धत होती. प्रत्येक कडव्यात घरातलं एक माणूस यायचं. पहिलं कडवं आजोळाचं, मग आत्याचं, मग गावाचं, मग आजोबाचं, असं सगळ्यांना फिरून शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव. नाव आलं की बायका कुर्र करायच्या आणि घुगऱ्या वाटायला सुरुवात व्हायची. नाव येईस्तोवर कुणी हलायचं नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही हसू येईल. गाडीच्या गिअरबॉक्सचा आवाज कमी करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. हॅनोव्हरला राहतो, आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मायक्रोफोन लावून, कुठला दात कुठं घासतोय, कुठून शिट्टी येतेय, ते शोधत बसतो. मागाच्या भिंतीला पाठ लावून वाढलेल्या पोराला आवाज कमी करण्याचा पगार मिळतो, हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझी मुलगी ईरा जन्मायच्या आधीच्या वर्षी ते गेले.

या देशानं मला खूप दिलं, हे मी आधीच सांगून टाकतो. पहिल्या हिवाळ्यात माझं भाड्याचं कॉन्ट्रॅक्ट समजावून सांगायला घरमालकीणबाई दोन तास स्वयंपाकघरात बसल्या आणि जाताना जुनी रजाई देऊन गेल्या. फॉर्म चुकला तर आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतल्या बाईंनी मला हाकललं नाही, पेन्सिलीनं खुणा करून दिल्या. ईराच्या किटामधल्या, म्हणजे बालवाडीतल्या ताईंनी तिला बूट घालायला शिकवलं, जे मला अजून नीट जमत नाही. मी तक्रार करायला बसलेलोच नाही. पण नवीन गावात उपकार घेत राहणारा माणूस थोडा भित्रा होतो. नियम मोडू नये, कुणाला त्रास होऊ नये, कुणी म्हणू नये की बघा हे लोक. जिन्यात हाउसऑर्डनुंग लावलेली असते, घराच्या नियमांचा कागद. त्यात रुहेत्साईट लिहिलेली: दुपारी एवढे ते एवढे शांतता, रविवारी दिवसभर शांतता. मी तो कागद पोथीसारखा पाठ केला होता. माझी बायको केतकी पुण्याची, मुळातच हळू बोलणारी. ती म्हणायची, "सुनील, ते नियम ड्रिलिंग मशीनसाठी आहेत, शिंकायला परवानगी आहे." पण मी तर शिंकसुद्धा उशीत शिंकायचो.

ईरा झाली तेव्हा आई तीन महिन्यांसाठी आली. एकटी, पहिल्यांदा विमानात बसून. फ्रांकफुर्टला उतरली तेव्हा व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराला मराठीत त्याच्या आईची तब्येत विचारत होती. बाराव्या दिवशी रविवार आला आणि आम्ही घरातच बारसं करायचं ठरवलं. चार मराठी कुटुंबं, आयकियाच्या पाळण्याला झेंडूच्या माळा (त्या कागदी, खरा झेंडू मिळाला नव्हता), आईनं रात्रीच भिजत घातलेले हरभरे. दुपारी साडेबाराला आईनं पाळण्याची दोरी हातात घेतली आणि गळा लावला.

काय सांगू. तो चोवीस मागांचा गळा, आणि समोर दोन खोल्यांचा फ्लॅट. खिडकीच्या काचा थरथरल्या असं मला वाटलं.

"पुण्याच्या मामानं धाडलं झबलं,
बर्फाच्या गावात बाळ गं निजलं."

बायका खूश झाल्या. केतकी, बारा दिवसांची ओली बाळंतीण, हसता हसता रडत होती. आणि मी? मी भिंतीकडं बघत होतो. खालच्या मजल्यावरून काही ठोकल्याचा आवाज आला का, दाराबाहेर पावलं वाजली का, हे ऐकत होतो. दुसरं कडवं झालं. मी आईजवळ गेलो आणि तिच्या कानाशी म्हणालो, "आई, हळू. इथं रविवारी चालत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हसली. तिसरं कडवं तिनं अगदी बारीक आवाजात म्हटलं, जणू दुसऱ्याच्या घरात आलेली पाहुणी. ते संपल्यावर दोरी केतकीच्या हातात दिली आणि म्हणाली, "एवढंच हाय." मग घुगऱ्या वाटल्या.

खरं सांगायचं तर तेव्हा कुणीही तक्रार केली नव्हती. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. उरलेले दोन महिने आईनं घरात गाणं म्हटलं नाही. मला वाटलं, थंडी आहे, घसा बसला असेल. ती परत गेली. नंतर गुडघे दुखायला लागले, पुन्हा आली नाही. आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचो, आणि दरवर्षी तिचा आवाज आणखी बारीक होत गेला. मी केतकीला म्हणायचो, "आईचं वय झालं बघ." अहो, आवाजातला तज्ज्ञ मी! गिअरबॉक्समधली शिट्टी मला शंभर आवाजांतून ऐकू येते.

ब्रेंडन आमच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वय अठ्ठावन्न, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, तीस वर्षं हॅनोव्हरमध्ये. आमच्याकडं एक खोली आहे, जिच्या भिंतींना स्पंजाचे मोठमोठे सुळे लावलेत. तिथं आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही. आपण बोललो तर शब्द तोंडातून निघून जागीच मरतो. एक दिवस ब्रेंडन आत मायक्रोफोन बसवत होता आणि मी बाहेर हेडफोन लावून बसलो होतो. माइक चालू आहे हे तो विसरला आणि गुणगुणायला लागला. इंग्रजी नव्हतं, जर्मन नव्हतं, त्याची गावाकडची भाषा होती. एकही शब्द कळला नाही. पण चाल अशी होती की मी हेडफोन काढायचं विसरलो. तो बाहेर आल्यावर विचारलं, "हे काय होतं?" तो ओशाळला. म्हणाला, "आल्झो, म्हणजे काय, ते माझी आई भांडी घासताना म्हणायची. माझं तोंड आपोआप सुरू होतं, हातात काम असलं की." मी म्हटलं, "माझ्या आईचंही तसंच होतं." होतं, असं म्हणालो मी. आई तर जिवंत होती.

पुढच्या गुरुवारी त्यानं मला एका आयरिश पबात नेलं. महिन्यातून एकदा, संध्याकाळी सातला, तिथं दहा-पंधरा आयरिश आणि तेवढेच जर्मन जमतात आणि जुनी लोकगीतं म्हणतात. कुणी फिडल आणतं, कुणी बासरी. मला वाटलं टाळ्या-बिळ्या, नाचबिच असेल. ते असतंच. पण मधेच कुणीतरी वाद्याशिवाय नुसतं गायला लागतं आणि तेव्हा अख्खा पब गप्प होतो. बिअर ओतणारा हातसुद्धा थांबतो. पहिल्या दिवशी मला तेच नवल वाटलं, की एवढा गोंगाट करणारी माणसं एका म्हाताऱ्या आवाजासाठी गोंगाट बाजूला ठेवतात.

गाण्यांत विशेष असं काही घडत नाही. पोरगा बोटीत बसतो, आई धक्क्यावर उभी राहते. बोट जाते. मग कडव्यामागून कडवं तो पोरगा आपल्या गावातल्या जागांची नावं घेत राहतो: ही टेकडी, तो पूल, अमक्याची विहीर, तमक्याचं कुंपण. ब्रेंडन मला प्रत्येक गाण्याचा अर्थ कानात सांगायचा. मी एकदा म्हटलं, "तुमची गाणी फार लांब असतात बुवा." तो म्हणाला, "असणारच. सगळ्यांची नावं बसायला नकोत?" त्यावर मी हसलो, बिअर प्यालो, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मठ्ठपणाला काही सीमा?

दोन वर्षं मी जात राहिलो. दर वेळी घरी येताना मला इचलकरंजी आठवायची. एखाद्या गाण्यात पाऊस असला की वडिलांची सायकल आठवायची, तिच्या हँडलला अडकवलेला डबा. बहिणीच्या लग्नाचं गाणं असलं की संगीताताई सासरी जाताना रिक्षातून उतरून परत आली होती, चप्पल विसरली म्हणून, ते आठवायचं. आयरिश माणसांच्या गाण्यांनी मला माझ्याच घरातली माणसं एकेक करून परत आणून दिली, याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे.

त्यांची एक रीत आहे. ज्यानं गाणं म्हटलं, त्यानंच पुढच्या माणसाचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की नाही म्हणता येत नाही. म्हणजे कुणी जबरदस्ती करत नाही, पण सगळे तुमच्याकडं बघत शांत बसून राहतात, आणि ती शांतता जबरदस्तीपेक्षा वाईट. गेल्या फेब्रुवारीत ब्रेंडन गायला. त्याची आई त्या महिन्यात गेली होती. त्यानं डोळे मिटले आणि तेच गाणं धरलं, भांडी घासतानाचं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं त्याचा हात हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत गोल, हळूहळू गोल फिरवायला लागली. त्यांच्याकडं तशी पद्धत आहे, गाणाऱ्याला आधार म्हणून. मी तो गोल फिरणारा हात बघत राहिलो. तो माझ्या आईचा रहाट होता. तीच गती, तोच मनगटाचा हेलकावा. गाणं संपलं, ब्रेंडननं डोळे पुसले, खोलीभर बघितलं आणि म्हणाला, "सुनील."

मी म्हटलं, मला गाता येत नाही. सगळे बघत बसले. शेवटी मला जे एकच गाणं सुरुवातीपासून येत होतं ते धरलं, ईराचा पाळणा. पहिली ओळ मी पुटपुटलो. दुसऱ्या ओळीला ब्रेंडननं माझा हात धरला आणि फिरवायला लागला, आणि मग माझा गळा कुठून लागला मला कळलं नाही. मागाचा गळा होता तो. चव्वेचाळीस वर्षांचा, दाढीवाला मी पबात बसून बाळाचा पाळणा म्हणत होतो, तेही वरच्या पट्टीत. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाहिलं असतं तर पदर तोंडात धरून हसल्या असत्या. तिन्ही कडवी म्हटली. लोकांनी टेबलं बडवली.

ब्रेंडननं विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं: आमच्याकडं बाळाचं नाव ठेवताना म्हणतात, माझ्या आईनं माझ्या मुलीसाठी रचलं, प्रत्येक कडव्यात एक माणूस असतं आणि शेवटी बाळाचं नाव येतं.

"किती छान," तो म्हणाला. "मग ईराचं नाव कुठल्या ओळीत होतं? मला ऐकू आलं नाही."

मी सांगायला तोंड उघडलं. मनातल्या मनात पहिल्या कडव्यापासून गेलो. मामा. आत्या. गाव. मग पुन्हा पहिल्यापासून गेलो. नाव नव्हतं. वडील नव्हते. एवढंच हाय, असं ती म्हणाली होती, आणि मी ते नऊ वर्षं खरं मानलं होतं.

घरी जाऊन केतकीला सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बारा दिवसांची बाळंतीण होते मी. आणि तुझं तोंड असं झालं होतं की पोलीस दारात उभे आहेत. नंतर वाटलं, आपणच उकरून आईंना कशाला दुखवायचं?"

मग मी काय केलं, तर तीन आठवडे काहीच नाही. फोन करायचो, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, विचारायचो, आणि ठेवून द्यायचो. लाज वाटत होती, दुसरं काय. आणि भीतीही होती. संगीताताई, जी आता आईजवळ राहते, मागेच म्हणाली होती की आईला हल्ली विसरायला होतं, दूध उतू जातं, शेजारणीचं नाव आठवत नाही. आईनं आयुष्यात एक ओळ लिहून ठेवलेली नाही. ती कडवी तिच्या डोक्यात नसतील तर जगात कुठंच नसतील. आणि ती माझ्यामुळे पुरी झाली नव्हती. हे कुठल्या तोंडानं विचारायचं?

शेवटी एका रविवारी दुपारी मी ठरवून लॅपटॉप उघडला. ताईनं फोन आईसमोर धरला. आई दिसली, लहानशी, चष्मा नाकावर उतरलेला. ओठ हलले. आवाज आला नाही. मी म्हटलं, "आई, ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं."

"हळूच बोलतेय की," ती म्हणाली. "रविवार हाय न्हवं तुमच्यात."

नऊ वर्षं. वय-बिय काही नाही. बाई नऊ वर्षं दर रविवारी इचलकरंजीत बसून, माझ्या जिन्यातला नियम पाळत होती. मी तिकडं एकदा काच ओढली आणि इकडं दुसऱ्यांदा, आणि ती काचेपलीकडून बोलतच राहिली होती.

मी म्हटलं, "आई, ईराच्या पाळण्यात तीनच कडवी नव्हती. पुढची म्हण."

"तीनच हुती."

"नव्हती. नाव कुठंय तिचं?"

ती ताईकडं बघायला लागली. "इसरले बाबा. किती दीस झालं. आता काय करायचंय त्याचं?"

एवढ्यात ईरा आली. ती नऊ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमधून देते. "वास इस्ट लोस?" तिनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, आज्जीनं तुझ्यासाठी गाणं केलं होतं, त्यात तुझं नाव होतं, पण मी ते मधेच थांबवलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं तिची टीचर बघते. मग स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, शब्द शोधून शोधून म्हणाली, "आज्जी. माझं नाव कुठं आहे?"

आईनं चष्मा वर सरकवला. "सुन्या, खिडकी लाव आधी."

मी उठलो आणि खिडकी सताड उघडली. एरवी आम्ही ती नुसती तिरकी ठेवतो, हवेपुरती.

"लावलीस?"

"उघडली."

"आरं, लोक काय म्हनतील!"

"लोक कधीच काही म्हणाले नाहीत, आई. मीच म्हणालो होतो. चूक माझी होती. मला माफ कर."

"माफ काय करायचंय त्यात," ती म्हणाली. "तू भ्याला हुतास. नव्या गावात मानूस भितंच. मी काय बघितलं न्हाई व्हय?"

मग ती म्हणाली की मधूनच नाही येत, पहिल्यापासून म्हणावं लागतं. ताईला फोन टेबलावर ठेवायला लावला. हात मोकळा झाला आणि तो आपोआप मांडीवर गोल फिरायला लागला, रिकामाच, रहाट नसलेला. पहिलं कडवं जरा घोगरं आलं. दुसऱ्याला गळा उघडला. तिसऱ्याला लॅपटॉपचा स्पीकर फाटायला लागला. तिसरं संपलं आणि ती थांबली.

केतकीनं माझा दंड घट्ट धरला. मी मनात म्हणत होतो, देवा, एवढं एक राहू दे तिच्या डोक्यात. स्क्रीनवर हात फिरत होता, तोंड बंद होतं. एक फेरा. दोन फेरे. मग:

"आजा गं जॉबर, हात तेलाचा,
न्हाई तो बघाया दीस सोन्याचा."

माझे वडील. बारशाच्या दिवशी ते पुढच्याच कडव्यात दारात उभे होते आणि मी त्यांनाही आत येऊ दिलं नव्हतं. मी लहान मुलासारखा रडलो. ईरा माझी पाठ थोपटत होती. आईनं तिकडं लक्ष दिलं नाही, गाणाऱ्यानं देऊही नये. तिनं पुढचं उचललं:

"मागाच्या गल्लीचा धागा गं लांबला,
ईराच्या पाळण्याला येऊन थांबला."

"दास बिन इश!" ईरा ओरडली. ती मी आहे! केतकीनं वाकून तिच्या कानात कुर्र केलं, नऊ वर्षं उशिरा. तिकडून ताईनं केलं. समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी धाडकन बंद झाली. होऊ दे. त्यांचा रविवार आहे, त्यांनी त्यांची खिडकी लावली, मला त्यात काही राग नाही.

सोमवारी मी ब्रेंडनला सांगितलं. तो त्या स्पंजाच्या खोलीत मायक्रोफोन पुसत होता. म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. आता पुढच्या गुरुवारी पाचही म्हणायची." मी त्याचे आभार मानले, तर त्यालाच कळेना कशाबद्दल. त्यानं फक्त एक साधा प्रश्न विचारला होता, आणि त्याआधी दोन वर्षं आपल्या आईची गाणी माझ्यासमोर म्हटली होती.

मंडळी, मी गावी आलो की तुम्ही विचारता, सुन्या, आता घर कुठलं म्हणायचं, इकडचं का तिकडचं? मी आधी गुळमुळीत काहीतरी सांगायचो. आता सांगतो: आपलं नाव येईपर्यंत जिथं गाणं कुणी थांबवत नाही, ते घर. ते इचलकरंजीत आहे, माग आता बंद पडत चाललेत तरी. महिन्यातल्या एका गुरुवारी ते आयरिश पबात असतं. आणि हॅनोव्हरमधल्या दोन खोल्यांतही आहे. तिथं ते पहिल्या दिवसापासून झालं असतं, मी भ्यालो नसतो तर. पण झालं, हे काय कमी आहे?

त्या रविवारी पाळणा संपल्यावर आई पदरानं तोंड पुसत होती. दमली होती, पण गाल लाल झाले होते. मग एकदम आठवण झाल्यासारखी पुढं झुकली आणि पुन्हा तो बारीक आवाज काढून म्हणाली, "जास्त मोठ्यानं झालं काय रं?"

मी बोलायच्या आत ईरा स्क्रीनसमोर उडी मारून ओरडली, "नोखमाल, आज्जी! नोखमाल!"

नोखमाल म्हणजे पुन्हा एकदा. आईला जर्मनचं एक अक्षर कळत नाही. तिनं चष्मा काढून ठेवला, हात मांडीवर घेतला आणि पुण्याच्या मामापासून पुन्हा सुरुवात केली, मोठ्यानं.